हितसंबंधांचा रकाना

सापाला एवढं भिणारा सापाचा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना एका फाट्यावर सरकारी दवाखाना आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले काही लोक अजून माझ्याशी बोलतात. त्या दवाखान्यात सरांनी उभी नोकरी काढली. साप चावलेला माणूस आला की सर कुणाचं ऐकायचे नाहीत. सुई, सलाईन, शिव्या, सगळं एकदम सुरू. पण नातेवाइकांनी मारून आणलेला साप पिशवीतून बाहेर निघाला की हेच सर दोन पावलं मागे सरकायचे, इंचार्ज सिस्टरच्या पाठीशी उभे राहायचे आणि तिच्या खांद्यावरून विचारायचे, "मेला हाये नं पक्का?"

"मेला, सर. या तुम्ही पुढं."

"आंधी तू हालवून पाह्य."

सिस्टर चिमट्याने साप हलवायची. मग सर चष्मा लावून त्याची जात सांगायचे आणि सांगून झालं की साबणाने हात धुवायचे. सापाला त्यांनी बोटही लावलेलं नसे, तरी धुवायचे.

एमबीबीएसनंतरचं सक्तीच्या सरकारी नोकरीचं, म्हणजे बाँडचं, एक वर्ष मी त्यांच्या हाताखाली काढलं. मी नागपूरची, स्कूटीवरून कॉलेजला गेलेली. फाट्यावरचा दवाखाना म्हणजे मला काळ्या पाण्याची शिक्षा वाटत होती. पहिल्या दिवशी ओपीडीत शिरले तर फिरत्या खुर्चीवर एक वयस्क गृहस्थ बसलेले आणि समोरच्या लोखंडी स्टुलावर अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला एक माणूस. मी खुर्चीतल्या गृहस्थांना नमस्कार केला आणि म्हटलं, "सर, मी आजपासून रुजू झाले." त्यांनी मला तोंडभर आशीर्वाद दिला आणि विचारलं, खोकला कधी थांबेल. स्टुलावरचा माणूस म्हणाला, "सांग नं बेटा, कवा थांबन?"

ते सर होते. खुर्ची पेशंटला द्यायची आणि आपण स्टुलावर बसायचं, हा त्यांचा नेम. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "बिमार थो हाये. मी कायले खुर्चीत बसू?" जिल्ह्याहून साहेब तपासणीला आले की पंचाईत व्हायची. साहेब सवयीने खुर्चीत बसायचे आणि सर सवयीने त्यांचा हात हातात घेऊन नाडी बघायला लागायचे.

त्यांचं खरं वेड म्हणजे सापाचं रजिस्टर. सरकारी रजिस्टर वेगळं. हे त्यांचं स्वतःचं, लाल कापडी पुठ्ठ्याचं, एक भरलं की दुसरं. पेशंट दवाखान्यात किती वाजता पोचला हे सिस्टर भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहायची. पण "कधी चावला" या रकान्यात सर घड्याळाला शिरू देत नसत. पेशंट जे बोलेल ते जसंच्या तसं. "म्हशी दोहून झाल्यावर." "शाळेची दुसरी घंटी झाली तवा." "बापाले डबा देऊन परत येतानी." आणि सगळ्यात जास्त वेळा, "जीप लागली तवा." म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्याच्या तोंडाशी दारव्ह्याकडे जाणारी जीप येऊन उभी राहिली, त्या वेळी.

मी एकदा सुचवलं, की सर, सरळ पाच वाजता, सहा वाजता असं लिहीत जा.

"थ्याच्या हातात घड्याळ होतं का?"

"नव्हतं."

"मंग मी माह्यं घड्याळ थ्याच्या पायाले कायले बांधू?"

सर स्वतः तांड्यातले. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरले होते, असं ते सांगायचे. "आमच्या खानदानीत माल येळेवर पोचवाची रीत हाये. मानूस तं मिठापेक्षा सोपा, थो सांगते तरी कुठं दुखते थे." आणि आणखी एक वाक्य होतं, जे ते आल्यागेल्याला ऐकवायचे: "साप चावाचाच असंन तं बाजाराच्या दिवशी चावला पाह्यजे." आम्ही हसायचो. सर हसत नसत. म्हाताऱ्यांचं एकेक पालुपद असतं, त्यातलंच हे एक, असं मी धरून चालले होते.

पुढे माझं एमडी झालं, लग्न झालं आणि मी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात चिकटले. तिथे बढतीसाठी छापून आलेले पेपर लागतात. तुम्ही किती पेशंट बरे केले हे कुणी विचारत नाही, आणि एका अर्थी ते बरंच आहे. माझा एक पेपर कमी पडत होता. असोसिएट प्रोफेसरची जागा एकच, इच्छुक तिघं, आणि मुलाखत पुढच्या उन्हाळ्यात. तेव्हा मला लाल पुठ्ठ्याची रजिस्टरं आठवली. लोक संकटात देवाला आठवतात, मी रजिस्टरांना आठवलं, एवढाच फरक.

सरांना फोन केला. ते दोन वर्षांत रिटायर होणार होते. म्हणाले, "ये नं. पन रजिस्टर दवाखान्याच्या भाहेर जानार नाही." म्हणून दर शनिवारी मी कार काढून फाट्यावर जाऊ लागले आणि पेशंटांच्या रांगेशेजारी लॅपटॉप मांडून नोंदी भरू लागले. मदत म्हणून सरांनी एक गोष्ट केली, ती म्हणजे मला एक ओळही सुखासुखी लिहू दिली नाही.

जगातले सगळे लोक पेपर प्रस्तावनेपासून लिहितात. सरांनी आभारापासून सुरुवात केली. दोन पानं आभार: सिस्टर, तिच्या आधीची सिस्टर, तांड्याचे नायक, दोन जीपवाले, आणि एक मांत्रिक. मांत्रिक कशाला, विचारलं तर म्हणाले, "थ्यानं अकरा जन माह्याकडं पाठोले. आपल्याच्यानं होत नाही असं कबूल करनारा एकच स्पेशालिस्ट हाये या तालुक्यात." मी आभार चार ओळींवर आणले. मग सारांश. जर्नलला वर आधी सारांश लागतो, हे ऐकून सर गंभीर झाले. "जेवनाच्या आंधी ढेकर कायले द्याचा?" प्रत्येक विशेषणावर त्यांची लाल रेघ यायची. "महत्त्वपूर्ण वाढ" असं दिसलं की समासात प्रश्न: "कोनासाठी?" बाजाराच्या दिवसाचं ते वाक्य त्यांनी तीन वेळा घातलं आणि मी तीन वेळा काढलं. शेवटी मी सांगितलं, सर, हे शास्त्रीय नाही, ललित आहे. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, पटलं.

लेखकांच्या नावांचा प्रश्न निघाला तेव्हा तर कहर. आमच्या कॉलेजात रीत अशी, की एचओडींचं नाव घातल्याशिवाय पेपर फाटकाबाहेर जात नाही. मी पहिलं माझं नाव लिहिलं, दुसरं सरांचं, तिसरं एचओडींचं. सरांनी बोट ठेवलं.

"हे कोन?"

"आमचे विभागप्रमुख."

"यायले साप चावला होता का?"

"नाही, सर."

"सिस्टरच्या जागी उभे राह्यले होते का कधी?"

"नाही."

रेघ आली. एचओडी तेव्हापासून माझ्याशी फक्त परिपत्रकांतून बोलू लागले.

दरम्यान कुठल्याशा संमेलनाच्या यादीत सरांचा मेल पत्ता गेला आणि त्यांना जगभरातून आमंत्रणं येऊ लागली. "आदरणीय थोर प्राध्यापक" असं सुरू होणारे, पैसे भरा आणि छापून घ्या छापाचे मेल. आपण ते न उघडता उडवतो. सर सिस्टरकडून प्रिंट काढून घेऊन प्रत्येकाला सविस्तर उत्तर द्यायचे. परदेशातल्या एका परिषदेने त्यांना हृदयप्रत्यारोपणावर बोलायला बोलावलं, तर यांनी लिहिलं, की मी हृदयाचा माणूस नाही, सापाचा आहे, शिवाय त्या आठवड्यात सिस्टर रजेवर आहे. त्या लोकांनी पुन्हा लिहिलं, की विषय आपल्या सोयीचा घ्या. सर म्हणाले, "पाह्य, भले लोक हायेत."

पेपर पाठवायचा दिवस उजाडला. जर्नलच्या संकेतस्थळावर आपणच तीन परीक्षक सुचवायचे असतात. लोक आपले मित्र सुचवतात. सरांनी मांत्रिकाचं नाव सांगितलं. "त्याच्याएवढ्या माह्या चुका कोनाले माहीत नाहीत." मी गुपचूप तीन प्राध्यापक टाकले. मग आला हितसंबंधांचा रकाना. या संशोधनात तुमचा कुठला स्वार्थ गुंतला आहे का, औषध कंपनीचा पैसा वगैरे, असं तिथे विचारतात आणि अख्खी दुनिया तिथे "काही नाही" असं लिहून पुढे जाते. सरांनी स्टूल पुढे ओढलं आणि सांगायला सुरुवात केली.

"लिही. पयल्या नोंदीतला पेशंट माह्या मावसभाऊ होय. दुसरं, एका पेशंटच्या घरून दरसाली तुरीच्या शेंगा येतात, मी खातो. तिसरं, मले सापाचं भेव वाटते."

"सर, भीती हा हितसंबंध नाही."

"काहून नाही? भेव वाटते म्हनून तं येवढं लिहून ठेवलं."

मी मान डोलावली, लिहिल्यासारखं केलं आणि "काही नाही" लिहून पुढचं बटण दाबलं. सर स्क्रीनवर वाचत नसत. डोळ्यांत पाणी येतं म्हणायचे.

चार महिन्यांनी परीक्षकांचे शेरे आले. एकाने विचारलं होतं, साप चावल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंत किती वेळ गेला, त्याचा तक्ता द्या. इथे मी अडकले, कारण दवाखान्यात पोचल्याची वेळ घड्याळात होती आणि चावल्याची वेळ म्हशीत. पण मी हुशार. शाळेत विचारून घंटीची वेळ काढली. म्हशींचा अंदाज बांधला. राहिली जीप, आणि निम्म्याहून जास्त नोंदी जीपच्या. सिस्टरकडून जीपवाल्याचा नंबर घेतला आणि विचारलं, "भाऊ, तांड्यावरून संध्याकाळची जीप कितीची?"

"साडेसहाची, मॅडम."

झालं. एका चौकोनात साडेसहा लिहिलं आणि माऊसने खाली ओढत नेलं. शे-दोनशे माणसांना एकाच मिनिटाला साप चावला. जे थोडे साडेसहाच्या आधीच दवाखान्यात पोचलेले दिसत होते, ते लिहिण्यातली चूक म्हणून गाळले. त्यातून सरासरी काढली, दशांशचिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत. परीक्षक खूश. वेळेची नोंद विशेष काटेकोर आहे, असं त्याने लिहिलं. पेपर स्वीकारला गेल्याचं पत्र आलं तेव्हा मुलाखत पंचवीस दिवसांवर होती.

पाच दिवसांनी छपाईआधीचं प्रूफ आलं. त्याची प्रिंट घेऊन मी सरांकडे गेले. ते ओळीखाली फूटपट्टी धरून वाचत. दुसऱ्या तक्त्यावर फूटपट्टी थांबली.

"हे साडेसहा कोठून आले?"

मी अभिमानाने सांगितलं. सर हसायला लागले. इतके हसले, की सिस्टर पाणी घेऊन आली. मग एकदम थांबले आणि म्हणाले, "चाल."

"कुठे?"

"साडेसहा पाहाले."

माझ्या कारने तांड्याला गेलो. पावणेपाच वाजले होते आणि जीप लागलेली होती. ड्रायव्हर स्टीअरिंगवर पाय टाकून झोपला होता. सर मागच्या बाकावर बसले, मला शेजारी बसवलं. बायका पाण्याला जाताना सरांशी गोर या बंजारा बोलीत काहीतरी बोलत आणि माझ्याकडे बघून हसत. पाच वाजले, सहा वाजले. एक आजी येऊन बसली, एका माणसाने खताची गोणी आणून ठेवली आणि तो परत घरी गेला. साडेसहाला जीपमध्ये आजी, गोणी आणि आम्ही दोघं.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, साडेसहा झाले."

"नाही झाले अजून, मॅडम."

मी त्याच्यापुढे घड्याळ धरलं. त्याने ते कौतुकाने पाहिलं. "थे तुमच्या घड्याळात. गाडी भरली का साडेसहा."

सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ड्रायव्हरला म्हणाले, "इले सांग, साप चावलेला येते तं काय करते थो?"

"काय करन? बसते." ड्रायव्हर आता पूर्ण जागा झाला होता. "सांगत नाही कोनाले. सांगतलं का बाकीचे भेतात, गाडीत मेला तं पोलिसाची झंझट. उतरून जातात सबन. मंग गाडी भरते कवा? म्हनून चूप बसते, पायाले दुपट्टा बांधून. मले तं फाट्यावर उतरला का मालूम पडते."

"अॅम्ब्युलन्स?" मी विचारलं.

"रेंज कोठं हाये इथं?" सर म्हणाले. "अन् बाजाराच्या दिवशी पाच मिन्टात भरते ही गाडी. थ्या दिवशीचे वाचतात."

मी ज्या बाकावर बसले होते त्याच्याकडे पाहिलं. रेक्झिन फाटून आतला काथ्या वर आला होता. इथे किती जण पायाला दुपट्टा बांधून, तोंड मिटून, अजून चार माणसं कधी येतात याची वाट बघत बसले असतील. त्यांचे ते दोन-दोन तास मी माऊसने पुसून टाकले होते. आणि जे वाक्य मी ललित म्हणून तीनदा काढलं, तोच अख्ख्या सात रजिस्टरांचा निष्कर्ष होता.

पावणेआठला साडेसहा वाजले. माझी कार तांड्यातच राहिली, कारण आम्ही उतरलो असतो तर साडेसहा आणखी पुढे गेले असते.

दवाखान्यात आल्यावर सरांनी मला फिरत्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले.

"तक्ता काढ. जीपच्या नोंदीपुढं लिही, येळ माहीत नाही. बाजाराचे दिवस येगळे मांड."

"सर, मग तो पेपरच राहत नाही. पुन्हा परीक्षक, पुन्हा सहा महिने. माझी मुलाखत वीस दिवसांवर आली आहे."

"पुढच्या साली दे."

"जागा एकच आहे. पुढच्या साली त्यात दुसरं कोणी बसलेलं असेल."

सरांनी प्रूफ दुमडून माझ्या हातात दिलं. "मंग माह्यं नाव काढ."

"सर, रजिस्टरं तुमची, मेहनत तुमची..."

"रजिस्टर वापर. लोकायचं हाये थे. माह्यं नाव काढ."

आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं. शिव्या ते फक्त जगण्याची आशा असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना द्यायचे.

लेखकाचं नाव काढायचं तर जर्नलचा एक फॉर्म असतो, त्यावर त्या लेखकाची सही लागते आणि कारण लागतं. सरांनी सही केली आणि कारणाची जागा कोरी ठेवली. "थे तू लिही. तुले माहीत हाये." मी लिहिलं, "वैयक्तिक कारणास्तव." त्याच फॉर्मवर खाली नवं नाव घालायची सोय होती. रिकामी जागा बघून मी एचओडींचं नाव घातलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी तोंडाने बोलू लागले.

पेपर छापून आला. बढती मिळाली. मी फाट्यावरच्या दवाखान्यात पेढ्यांचा बॉक्स पाठवला. स्वतः गेले नाही, काम होतं. काम काय होतं ते आता आठवत नाही. सिस्टरचा फोन आला. "मॅडम, सरांनी पेढे सगळ्याईले वाटले. स्वतः नाही खाल्ला. शुगर हाये म्हनत होते." सरांना शुगर नव्हती. त्यांचे सगळे रिपोर्ट मीच बघत असे.

त्याच वर्षी सर रिटायर झाले आणि तांड्यात राहायला गेले. नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी एक बैठक झाली. तांड्यापासून पायी जाता येईल अशा आरोग्य केंद्रात सापाचं इंजेक्शन आणि रात्रंदिवस डॉक्टर ठेवावा, असा सरांचा अर्ज वर्षानुवर्षं फिरत होता, तो एकदाचा टेबलावर आला होता. मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. एका अधिकाऱ्याने माझा पेपर उघडला, दुसरा तक्ता वाचून दाखवला, सरासरी वाचली, दशांशासकट, आणि म्हणाला, लोक वेळेत पोचतच आहेत, मग गरज काय? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या बाटलीतलं पाणी प्यायले. अर्ज बंद झाला. चहा चांगला होता.

सिस्टरही त्या बैठकीला होती. तिने जाऊन सरांना सगळं सांगितलं. सरांनी एकच विचारलं म्हणे, "थे बोलली का काही?" सिस्टर म्हणाली, नाही.

यालाही वर्ष झालं. मागच्या महिन्यात जर्नलच्या संपादकांचा मला मेल आला: आपल्या लेखाबाबत एका वाचकाचं पत्र आलं आहे, ते आम्ही छापणार आहोत, पंधरा दिवसांत उत्तर द्यावं. सोबत पत्र. सरांचं इंग्रजी जुन्या वळणाचं, एकेक वाक्य इस्त्री केलेलं. दुसऱ्या तक्त्यातली सरासरी चुकीची आहे. तांड्यावरची जीप साडेसहाला सुटत नाही, भरल्यावर सुटते, आणि चावलेला माणूस तोवर तिच्यात बसून असतो. बाजाराच्या दिवशी ती लवकर भरते, म्हणून त्या दिवशीचे रुग्ण वाचतात. रजिस्टर कुणीही येऊन बघावं. एवढंच. माझ्याबद्दल वाईट शब्द नाही. ही चूक मला छापण्याआधीच माहीत होती हेही लिहिलेलं नाही. खाली सही, सेवानिवृत्त वैद्यकीय अधिकारी, आणि तांड्याचं नाव.

त्याखाली हितसंबंधांचा रकाना होता आणि तो पत्रापेक्षा मोठा होता. रजिस्टरातला पहिला रुग्ण माझा मावसभाऊ आहे. एका रुग्णाच्या घरच्या तुरीच्या शेंगा मी खातो. मला सापाची भीती वाटते. या लेखाची लेखिका मला मुलीसारखी आहे. त्यामुळे हे पत्र पाठवायला मी एक वर्ष उशीर केला, त्या उशिराची जबाबदारी माझी आहे.

ते वाचून मी दार लावून घेतलं आणि रडले. नंतर एचओडींकडे गेले आणि म्हटलं, मी चूक कबूल करणार आहे. एचओडी खुर्चीतून उठले. "अहो मॅडम, बढती परत जाईल तुमची! आणि त्यात माझं नाव आहे. मी तर ती रजिस्टरं पाहिलेलीसुद्धा नाहीत!" या पेपरबद्दल ते पहिल्यांदाच खरं बोलत होते.

मी उत्तर लिहिलं. डॉक्टरांचं बरोबर आहे, तक्ता चुकीचा आहे, आणि छापण्याआधी मला ते माहीत होतं. त्यांचं नाव काढण्याचं कारण वैयक्तिक नव्हतं. मग शेवटी माझ्यासाठीही तोच रकाना आला. आजवर प्रत्येक पेपरला मी तिथे "काही नाही" लिहीत आले. या वेळी लिहिलं, "बढती."

दोन दिवसांनी जर्नलच्या कार्यालयातून फॉर्म परत आला. या रकान्यात अशी नोंद मान्य नाही. कंपनीकडून पैसे घेतले नसल्यास कृपया "काही नाही" असं लिहून पुन्हा पाठवावं. मी तो तसाच परत पाठवला. तो पुन्हा आला, मी पुन्हा पाठवला. आतापर्यंत तीनदा झालं आहे. काल चौथ्यांदा पाठवताना मी "बढती"च्या खाली आणखी एक ओळ घातली: मला सरांची भीती वाटते.